कागदावरची सुनीती

सदाशिव पेठ, पुणे
४ एप्रिल

ती. आईंना,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगण्यासारखं होतं. पण तुम्ही स्पृहाशी बोलता, सुदर्शनला गोष्ट सांगता आणि मी फोन कानाला लावला की रेंज जाते. वाईची रेंज माणूस बघून जाते असं दिसतं. म्हणून पत्र. पोस्टात अजून पाकिटं मिळतात, हे मला या निमित्ताने कळलं.

आधी खुशाली. मुलं बरी आहेत. स्पृहाची परीक्षा सोमवारी सुरू होतेय आणि ती अभ्यास सोडून बाकी सगळं करते आहे. सुदर्शन रोज विचारतो, आजी चंद्रभागा मावशीकडे किती दिवस राहणार. मी सांगते, हवापालट करायला गेली आहे. तुमच्यावाचून घरात काही अडलेलं नाही, तेव्हा काळजी नसावी.

आता काम. मे महिन्यात मी मुलांना घेऊन अवधूतकडे मस्कतला जाणार. तिकिटं काढली तेव्हा तुम्हीच देवापुढे साखर ठेवली होतीत. तुमच्या लेकाला यंदाही रजा नाही. तो गेला तेव्हा सुदर्शन तीन वर्षांचा होता, आता पाचाचा आहे. परवा शाळेत घरातल्या माणसांचं चित्र काढायला सांगितलं, तर याने बाबांच्या जागी एक चौकोन काढला आणि चौकोनात चेहरा. फोनमधले बाबा. त्याच्या बाई मला कौतुकाने दाखवत होत्या. मला काही कौतुक वाटलं नाही. या सुट्टीत त्याला चौकोनाबाहेरचा बाप दाखवायचा, एवढंच माझं म्हणणं आहे.

आई एकटी मुलांना घेऊन परदेशी निघाली की विमानतळावर कुणीतरी विचारू शकतं, मुलं तुमचीच कशावरून, आणि त्यांच्या वडिलांना हे चालतंय कशावरून. सगळ्यांनाच विचारतात असं नाही, पण विचारलं तर हातात कागद हवा. म्हणून मी वरच्या मजल्यावरच्या राजनंदिनीला सगळी फाइल दाखवली. तुम्ही जिला रोज 'वकीलसाहेब, गाडी सरळ लावा' म्हणता, तीच यवतमाळची मुलगी. तिने माझा पासपोर्ट पाहिला, मुलांचे पाहिले, जन्मदाखले पाहिले, आमच्या लग्नाच्या नोंदणीचा दाखला पाहिला. मग डोक्याला हात लावून म्हणाली, "ताई, हे तर भलतंच होऊन राहिलं. लग्न नम्रता बापटशी आणि मुलं सुनीती लिमयेची! कागदानं पाहिलं तर भाऊजींच्या दोन बायका आहेत."

तसंच आहे. माझा पासपोर्ट बाबांनी लग्नाआधी हौसेने काढून दिला, त्यावर मी नम्रता. पुढे नूतनीकरणही मी त्याच नावाने केलं. लग्नाची नोंदणीही त्याच नावाने. पण लग्नात तुम्ही माझं नाव सुनीती ठेवलंत, आणि मुलं झाली तेव्हा दवाखान्यातले फॉर्म दादांनी नातवंडांच्या आनंदात पुढे होऊन भरले. घरात सगळे सुनीती म्हणायचे, त्यांनी सुनीती लिहिलं. तेच मुलांच्या पासपोर्टवर गेलं. दादांना मी दोष देत नाही. बिचारे गेले आता, आणि त्यांच्या लेखी मी तीच होते.

नम्रता आणि सुनीती एकच, असं प्रतिज्ञापत्र मी स्वतः करणार आहे. पण राजनंदिनी म्हणते, नाव बदललं तेव्हा हजर असलेल्या सासरच्या मोठ्या माणसाचंही एक असलं तर कुणी शंका घेणार नाही. दादा नाहीत, आत्याबाई नाहीत. उरलात तुम्ही. मसुदा सोबत आहे. वाईच्या कोर्टाजवळ नोटरी असेलच. सही करून पाठवा.

त्या दिवशी याच कागदांवरून बोलताना मी म्हणाले होते की ते नाव मला कधी माझं वाटलं नाही, दाखल्यातून काढूनच टाकते. तुम्ही मेथी निवडत होतात. "बरं," म्हणालात. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरून स्वारगेटला गेलात आणि वाईची गाडी पकडलीत. एवढं काय झालं ते मला अजून कळलेलं नाही. पण ते राहू दे. सहीचं तेवढं बघा.

खाली कोणतं नाव घालायचं हाच वाद आहे, तेव्हा नुसतंच
तुमची सून

पुणे
१३ एप्रिल

ती. आईंना नमस्कार.

पत्र पोचलं असेल. उत्तर नाही. चंद्रभागा मावशींच्या घरी पेन नसेल, असं मी मुलांना सांगितलं. स्पृहा म्हणाली, "आई, तू आजीसारखं बोलायला लागली आहेस." मी ते कौतुक समजून घेतलं.

अवधूतचं संमतीपत्र आलं. वडील म्हणून त्याला मुलांच्या प्रवासाला हरकत नाही, असं लिहून, तिथल्या वकिलातीत शिक्का मारून त्याने कुरियरने पाठवलं. ऑफिसातून अर्धा दिवस सुट्टी काढून रांगेत उभा राहिला म्हणे. मी पाकीट फोडलं आणि पहिल्याच ओळीत थांबले. 'माझी पत्नी सौ. सुनीती हिच्यासोबत माझ्या मुलांना प्रवास करण्यास माझी संमती आहे.' आई, ज्या बाईकडे पासपोर्टच नाही, तिच्याबरोबर मुलं पाठवायला तुमचा मुलगा तयार आहे. मला त्याने विचारलेलंसुद्धा नाही.

फोन केला तर म्हणतो, "सवयीने लिहिलं गेलं गं." सवय! तिकिटं माझ्या नावाने यानेच काढली, तेव्हा सवय कुठे गेली होती? मग हसायला लागला. मीही हसले, पण त्याला परत रांगेत उभं केलं. नवीन पत्र यायचं आहे. राजनंदिनीने जुनंही जपून ठेवायला सांगितलं आहे. तिच्या मते अशी गंमत रोज बघायला मिळत नाही.

मुलांची तालीम सुरू आहे. तिथले अधिकारी कधीकधी मुलांनाच विचारतात, कुठे चाललात, बरोबर कोण आहे. स्पृहा अधिकारी होते, डायनिंग टेबलामागे बसते. सुदर्शन समोर उभा.

"आईचं नाव काय?"
"आई."
"अरे, आईला लोक काय म्हणतात?"
"मॅडम, रिपोर्ट झाला का."

लॅबमध्ये कधीतरी माझ्याबरोबर आला होता, ते डोक्यात राहिलं आहे. मग स्पृहाने त्याला पढवलं, "नम्रता म्हणायचं." तर म्हणतो, "पण आजी सुनीती म्हणते." आता या पोराला काय सांगायचं? माझ्या पासपोर्टवर एक, त्याच्या पासपोर्टवर दुसरं, आणि तो जे म्हणेल ते कुठेतरी चुकणारच.

काल मार्केट यार्डात गेले होते. अवधूतला हापूस न्यायचा आहे, तर आधी भाव बघून यावा म्हटलं. दरवर्षी तुम्ही जाता, मला वाटलं त्यात काय एवढं. एका गाळ्यावर पेटी उघडून दाखवली, वास घेतला, घेऊन आले. घरी येऊन खालचा थर पाहिला तर तो हापूसचा कुठलातरी चुलतभाऊ होता. तुमचा तो गाळेवाला कोण, हे मी कधी विचारून ठेवलं नाही. मागच्या पत्रात काही अडलेलं नाही असं लिहिलं होतं. एवढं एक अडलं.

प्रतिज्ञापत्र लवकर पाठवा. दोन ओळींचं काम आहे.

तुमची सून

पुणे
२१ एप्रिल

ती. आई,

काल रात्री तुम्ही मुलांशी बोललात. सुदर्शनने तुम्हाला विचारलं की बाबा विमानतळावर आले तर मी त्यांना ओळखणार कसं. तुम्ही त्याला काहीतरी सांगितलंत, तो हसला. मग मी फोन घेतला आणि फोन बंद झाला.

आता मला राग आला आहे. तो झाकून खुशाली लिहीत बसायचा कंटाळाही आला आहे, तेव्हा सरळच लिहिते.

मी तुमच्याकडे दागिने मागितले नाहीत, घर मागितलं नाही. एक खरी गोष्ट खरी आहे असं लिहून द्या, एवढंच मागितलं. त्यावर माझं विमानतळावरच्या काउंटरवरून पुढे जाणं अवलंबून आहे. उद्या एखादा अधिकारी अडून बसला आणि दोन्ही पोरांना घेऊन मला मागे फिरावं लागलं, तर सुदर्शनला मी काय सांगू? बाबा चौकोनातच बरे आहेत म्हणून?

तुम्हाला लग्नाचा दिवस आठवत असेल. ताटात तांदूळ पसरलेले, अवधूतच्या हातात अंगठी, आणि तो तांदळात अक्षरं काढतोय. मला वाटलं, नम्रताच लिहितोय. शेवटचं अक्षर झालं तरी मला कळेना की हे कुणाचं नाव. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा कळलं की माझं. पेढे वाटले. माझी आई पेढा हातात धरून तशीच उभी होती. पुढे कितीतरी दिवस तुम्ही हाक मारायचात आणि मी ओ द्यायची नाही. आत्याबाईंनी तुम्हाला माझ्यादेखतच विचारलं होतं, मुलगी कानाने बरी आहे ना. मुद्दाम नव्हते करत हो. मला खरंच कळायचं नाही की मला बोलावताहेत.

दादा तेव्हा म्हणाले होते, "नम्रता चांगलं आहे की, कशाला बदलता?" तुम्ही ऐकलं नाहीत. भाजीत मीठ किती घालायचं तेसुद्धा दादांना विचारणाऱ्या तुम्ही, त्या एका गोष्टीत हटून बसलात. "सुनीतीच ठेवायचं," म्हणालात. का? त्या नावात तुमचं असं काय अडकलं होतं?

मी लॅबमध्ये दिवसभर नळ्यांवर नावं चिकटवते. नाव चुकलं तर एकाचं रक्त दुसऱ्याच्या खात्यावर जातं, म्हणून प्रत्येक माणसाला मी त्याचं नाव त्याच्याच तोंडून वदवून घेते. आणि माझी स्वतःची मुलं दुसरीच्या नावावर आहेत. ते दुरुस्त करते म्हटलं, तर तो घर सोडून जाण्याएवढा गुन्हा झाला?

पाठवायचं नसेल तर तसं कळवा. मी माझ्या एकटीच्या प्रतिज्ञापत्रावर जाईन. जे होईल ते होईल.

आणि घरात तुमची आठवण येते. मुलांना येतेच, मलाही येते. संध्याकाळी लॅबमधून आले की दार मलाच उघडावं लागतं, ते मला आवडत नाही. हेही रागातच लिहिते आहे असं समजा.

नम्रता

वाई
२६ एप्रिल

चि. सौ. नम्रता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तिन्ही पत्रं पोचली. उत्तर दिलं नाही कारण काय लिहावं ते ठरत नव्हतं. आता ठरलं.

तू विचारलंस, त्या नावात माझं काय अडकलं होतं. नाव माझंच होतं.

मी सुनीती वासुदेव आठवले. शाळेच्या हजेरीत हेच. लग्न झालं, आमच्या सासूबाईंची देवीवर भक्ती, त्यांनी दुर्गा ठेवलं. तुझ्यासारखंच ताटातले तांदूळ बघून मला कळलं. मला कुणी विचारलं नाही, आणि अशी गोष्ट विचारायची असते हे मलाही ठाऊक नव्हतं. पहिल्या सणाला माहेरी आले तर वडील दारात उभे होते. "या दुर्गाबाई," म्हणाले. थट्टाच केली त्यांनी. पण त्यानंतर त्यांनीही कधी सुनीती म्हटलं नाही. आईने एकदा म्हटलं, लगेच जीभ चावली. सासरचं नाव चालवायचं असा नियम होता, तो सगळ्यांनी पाळला.

मला दुसरं काही नको होतं. ती हाक घरात कानावर पडावी, एवढंच वाटायचं. आपण स्वतः मारली तरी चालेल. तुझ्या लग्नात हे म्हणाले की कशाला बदलता, ते उगाच नाही म्हणाले. मी काय करते आहे ते त्यांना कळलं होतं. मग गप्प बसले. अवधूतला ठाऊक नाही. त्याने कधी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

"सुनीती, दूध बघ." "सुनीती, कुणीतरी आलंय." तू ओ द्यायचीस आणि मला बरं वाटायचं. ती कुठेतरी आहे घरात, असं वाटायचं. तुझं माझं कधी वाजलं तरी तुला मी नुसतं 'अगं' म्हटलं नाही, नावाने हाक मारली, हे तुझ्या लक्षात आलं नसेल.

तू म्हणालीस काढून टाकते. तुझं बरोबरच होतं. मेथी निवडता निवडता मला कळलं की आता ती दुसऱ्यांदा जाणार. तुझ्यापुढे रडायला मला जमलं नसतं. म्हणून वाईला आले. रागावून नाही. फोनवर तुझा आवाज आला की सांगावं लागेल असं वाटायचं, म्हणून बंद करत होते. रेंज चांगली आहे.

इथे चंद्रभागा आहे. ती माहेरची लीला. यजमान गेल्यापासून एकटीच असते. आल्या दिवशी तिने चहा ठेवला आणि स्वयंपाकघरातून हाक मारली, "सुनीते, साखर किती?" मी म्हटलं, "लीले, ओरडू नकोस, शेजारी ऐकतील." मग दोघी हसलो. आता दिवसभर आमचं हेच चाललेलं असतं. दोन म्हाताऱ्यांना वेड लागलं असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

तुला विचारायला हवं होतं. मला विचारलं नाही म्हणून तुला विचारायचं नाही, असा काही कायदा नाही.

प्रतिज्ञापत्र केलं, सोबत आहे. तुझ्या वकीलसाहेबांचा मसुदा ठीक होता. पण त्यात 'विवाहप्रसंगी नाव बदलण्यात आले' असं होतं. ते काय आपोआप बदललं? मी खोडून 'मी बदलले' असं घालायला लावलं. नोटरी म्हणाले, आजी, एवढं नसलं तरी चालतं. मी म्हटलं, मला नाही चालत. परत टाइप करायला लावलं.

सुदर्शनला काही पाठ करायला लावू नकोस. पोराला खरं काय ते सांग आणि सोडून दे. दाखल्यातलं नाव परत आल्यावर दुरुस्त करून घे. हापूस अर्धकच्चा ने. मार्केट यार्डात आत गेल्यावर डाव्या हाताला दत्तप्रसाद म्हणून गाळेवाला आहे, त्याला लिमये आजींनी पाठवलं म्हण. तो खालचा थर आधी दाखवतो.

आईंचा
आशीर्वाद

पुणे
३ मे

ती. आई,

पत्र आणि प्रतिज्ञापत्र दोन्ही पोचलं. मी ते स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं आणि मग खाली बसले. स्पृहा विचारायला लागली, काय झालं, बाबा बरे आहेत ना. तिला जवळ घेऊन सगळं सांगितलं. सुदर्शन मध्येच येऊन बसला, त्यालाही सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, "मग आजीचं नाव आजीला परत दिलं का?" मी म्हटलं, देऊ या.

तुमच्यावर रागावून मी जे लिहिलं त्यातलं मला काही मागे घ्यायचं नाही, कारण तेही खरंच होतं. पण मी इतकी वर्षं त्या नावाला ओ देत होते ते कुणासाठी, हे आधी कळलं असतं तर जरा लवकर दिली असती.

दत्तप्रसादांनी खालचा थर दाखवला. अवधूतचं नवीन पत्र आलं, त्यात मी नम्रता आहे. पुढच्या आठवड्यात निघतो.

नम्रता

मस्कत
२० मे

ती. आई,
साष्टांग नमस्कार.

आम्ही सुखरूप पोचलो. फोनवर तुम्हाला कळलंच आहे. पण तिथे काय झालं ते मी मुद्दाम फोनवर सांगितलं नाही, पत्रात लिहायचं म्हणून राखून ठेवलं.

मुंबईला सामान देऊन आम्ही पासपोर्ट तपासणीच्या रांगेत लागलो. काउंटरवर एक मध्यमवयीन बाई होत्या, मराठीच. चेहरा अजिबात हसरा नाही. माझा पासपोर्ट उलटला, मुलांचे उलटले, परत माझा घेतला. मला म्हणाल्या काहीच नाहीत. वाकून सुदर्शनकडे पाहिलं.

"कुठे चाललास?"
"बाबांना बघायला."
"आईचं नाव काय तुझ्या?"
"नम्रता," तो म्हणाला. स्पष्ट. मी श्वास सोडला.

बाईंनी त्याच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर बोट ठेवलं. "मग सुनीती कोण?"

"ती माझी आजी आहे," सुदर्शन म्हणाला. "ती वाईला गेली आहे."

त्यावर स्पृहा सावरायला पुढे झाली. "म्हणजे ते नाव आजीचंच होतं, तिने आईला दिलं होतं. आता आई परत देणार आहे." बाईंनी पेन खाली ठेवलं. मागच्या रांगेत कुणीतरी सुस्कारा टाकला. मी हातातली फाइल पुढे केली. लग्नाचा दाखला, जन्मदाखले, अवधूतचं संमतीपत्र, माझं प्रतिज्ञापत्र. सगळं बाजूला सारून त्यांनी तुमचं उचललं आणि पहिल्यापासून वाचायला लागल्या. इतकं सावकाश की मला वाटलं, आता साहेबांना बोलावणार. सुदर्शनने माझा हात धरला होता. मनात मी त्याला परत घरी नेत होते, काय सांगायचं तेही जुळवत होते.

वाचून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "'मी बदलले' असं सासूबाईंनी स्वतःहून लिहिलंय?"

"हो. मसुद्यात नव्हतं. त्यांनीच घालायला लावलं."

"माझ्या सासूबाईंनी असं काही लिहून दिलं नसतं," त्या म्हणाल्या आणि शिक्का मारला. तिन्ही पासपोर्ट सरकवताना सुदर्शनला म्हणाल्या, "आजीला नमस्कार सांग." म्हणून सांगते आहे. त्या बाईंचा तुम्हाला नमस्कार.

इकडे उतरल्यावर सुदर्शन माझ्या मागे लपला. अवधूत गुडघ्यावर बसला, हात पुढे केला नाही, नुसता बसून राहिला. याने थोडा वेळ बघितलं. मग जवळ जाऊन त्याच्या गालावर बोट फिरवलं आणि मला ओरडून सांगितलं, "आई, टोचतंय!" तेव्हापासून खांद्यावरून उतरलेला नाही. रात्री झोपतानासुद्धा एक हात बापाच्या गालावर असतो. हे मला तुमच्यामुळे बघायला मिळालं.

अवधूतला मी तुमचं पत्र वाचायला दिलं. त्याने ते दोनदा वाचलं. मग म्हणाला, "शाळेपासून आजपर्यंत किती फॉर्म भरले मी. आईचं नाव, दुर्गा. हात थांबलासुद्धा नाही कधी." मी त्याला उगाच समजावत बसले नाही. नंतर तो आंबा कापायला घेऊन बसला आणि कोय चोखताना एकदा स्वतःशीच "सुनीती" म्हणाला. मी ओ दिली नाही. मला नव्हतीच ती हाक.

परत आल्यावर मी दुरुस्तीचा अर्ज करणार आहे. मुलांच्या दाखल्यावर आईचं नाव नम्रता. पण ते नाव मी काढून टाकणार असं म्हणाले होते ना, ते चुकीचं बोलले. ते काढायचं नाही, जिचं आहे तिला द्यायचं आहे. तुमच्या आधार कार्डावर काय आहे ते राहू दे, त्या भानगडीत पडायची आता माझ्यात ताकद नाही. पण या पाकिटावर पत्ता घालताना मी विचार केला आणि मग जे घालायचं ते घातलं आहे. पत्र रजिस्टर केलं आहे. पोस्टमन हातातच देईल आणि सही मागेल.

आम्ही नऊ जूनला येतो. तुम्ही घरी असाल का?

तुमची
नम्रता

वाई
२८ मे

चि. नम्रता हिस,
आशीर्वाद.

पत्र आज मिळालं. दुपारी पोस्टमन आला, ओसरीवरून विचारलं, "सुनीती कोण इथं? सुनीती आठवले?" परक्या माणसापुढे लीला सवयीने सांगायला निघाली होती की या घरात दुर्गाबाई आहेत, तू पत्ता चुकलास. तिला मागे ओढलं.

म्हटलं, "मी. आण इकडे."

त्याने बोट ठेवलं तिथे सही केली. शाळेत असताना करत होते तशी. अजून येते. पोस्टमन नवीन आहे, त्याला काही वेगळं वाटलं नाही.

मी आठ तारखेला जाऊन घर उघडून ठेवते. तुम्ही आलात की दार मी उघडीन.

सुनीती